हात लावून सांग

मोहनकाकांचा फोन आला तेव्हा मी सिडनीतल्या पॅरामॅटा स्टेशनबाहेर बसची वाट बघत उभी होते. युनीतून, म्हणजे विद्यापीठातून, निघाले होते, हातात अर्धवट खाल्लेलं सँडविच होतं. "सारिका, बस्त्याव गेला गं," ते म्हणाले. "जेवून नेहमीसारखा गाडीत जाऊन बसला होता. रेजिना चहा घेऊन गेली, तर..." गाडीत म्हणजे रस्त्यावर नव्हे. क्वेकर्स हिलच्या घरासमोर उभ्या असलेल्या त्यांच्या मोटारहोममध्ये, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. त्या गाडीची एक किल्ली त्या वेळी माझ्या बॅगेत होती. बस आली आणि गेली. मी बॅगेत हात घालून ती किल्ली धरून तशीच उभी राहिले.

आता काही आठवडे झाले. मला असं काही लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि मराठीत शेवटचं लांबलचक लिहिलं ते दहावीच्या निबंधात. पण मोहनकाका म्हणाले, "मी आणि रेजिना त्याला फार वर्षं ओळखतो, आम्हाला धड काही सुचणार नाही. तू लिही." म्हणून प्रयत्न करते आहे.

बस्त्यावकाका मूळचे वसईचे, भुईगावच्या किनाऱ्यावरचे. रेजिनाकाकूंशी लग्न करून ते इकडे आले, पॅरामॅटातल्या एका बँकेच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करत राहिले आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनं मोटारहोम विकत घेतलं. आत दोन शेगड्या, बसायच्या टेबलाचा रात्री पलंग, ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायला माळा. काकू त्याला 'बिऱ्हाड' म्हणायच्या. मी त्यांच्या घरामागच्या खोलीत भाडेकरू म्हणून आले तेव्हा कुणी काहीही विचारलं तरी माझं एकच उत्तर असायचं, "ठीक आहे." खोली कशी आहे? ठीक आहे. अभ्यास? ठीक आहे. जेवलीस का? ठीक आहे. त्यावर काका एकदा काकूंना म्हणाले होते, "हिला भात वाढ. ही उपाशी आहे, असं सांगतेय."

दर सप्टेंबरात ते दोघं आणि त्यांचे मूळचे पुण्याचे मित्र मोहनकाका, असे तिघं गाडी घेऊन दक्षिण किनाऱ्याला जायचे. मोहनकाका निवृत्त डॉक्टर, पत्नी गेल्यापासून एकटे. सप्टेंबरात तिकडे वारा इतका असतो की कॅरॅव्हॅन पार्क, म्हणजे अशा गाड्या मुक्कामाला थांबतात ते मैदान, निम्मं रिकामं असतं. काकांना तेच आवडायचं. "या वाऱ्यात कुणी कुणाची उणीदुणी काढत नाही," ते म्हणायचे, "कारण ऐकूच येत नाही." मी आले त्या वर्षी माझीही युनीला सुट्टी होती आणि माळा रिकामा होता. काकूंनी विचारलं, येतेस का? मी म्हणाले, ठीक आहे.

निघायच्या आधी काका हजेरी घ्यायचे. माणसांची नाही, गाडीची. मोटारहोम म्हणजे चालतं घर, त्यात एक जरी गोष्ट उघडी राहिली तर पहिल्या वळणावर संसार अंगावर येतो. म्हणून प्रत्येकाला एकेक गोष्ट नेमून दिलेली. काकूंकडे गॅस आणि कपाटं, मोहनकाकांकडे छताची खिडकी, आणि नवी म्हणून माझ्याकडे दाराची लोखंडी पायरी, जी बटण दाबून आत घ्यावी लागते. काका स्टेअरिंगवर बसून एकेक नाव पुकारायचे आणि आम्ही उत्तरं द्यायची. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी रोझरीनंतर जशी प्रार्थना चालते, एकाने नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं, अगदी त्याच चालीत. "गॅ...स?" "बंद केला." "पा...यरी?" "आत घेतली." शेवटी "चा...लक?" असं विचारून ते स्वतःच "हजर" म्हणायचे आणि गाडी सुरू करायचे. काकूंना हे मुळीच पसंत नव्हतं. "देवाची चाल आहे ती, बस्त्याव. गॅसच्या सिलिंडरला काय लावतोस?"

"देवाला पण वाटत असेल ना, गॅस बंद असावा," काका म्हणायचे.

चालीत उत्तर देण्याचा एक तोटा असतो, तोंड आपोआप चालतं. नरूमा गावाच्या पुढे, दुसऱ्या मुक्कामावरून निघताना मोहनकाकांनी इतक्या सुरात "बंद केली" म्हटलं की आम्ही हसलो. प्रत्यक्षात त्यांनी ओले मोजे वाळवायला छताची खिडकी सताड उघडी ठेवली होती. पुलावर आलो आणि डोक्यावर फाडकन आवाज झाला. आरशात बघितलं तर खिडकीचं झाकण पतंगासारखं गिरक्या घेत समुद्राकडे चाललं होतं, मागोमाग एक मोजा. मग पाऊस आला. सरळ काकूंच्या गादीवर.

गाडी बाजूला घेतल्यावर मोहनकाका एवढंच म्हणाले, "मी बंद म्हटलं होतं." काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तेच तर," त्या म्हणाल्या, "म्हटलं होतंस." शेवटी काकूंनी कपाटातून आपली कणीक मळायची मोठी परात काढली. काकांनी ती छताच्या भोकावर पालथी घातली, दोरीने आवळून बांधली, आणि पुढचा सगळा प्रवास आम्ही डोक्यावर परात घेऊन केला. वारा आला की ती ताशासारखी वाजायची. पार्कात शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या एका आजोबांनी कौतुकाने विचारलं, ही सॅटेलाइट डिश आहे का? काका गंभीरपणे म्हणाले, "येस मेट. बॉम्बेचे सगळे चॅनेल दिसतात." त्या ट्रिपमध्ये पोळ्या झाल्या नाहीत, ब्रेडच खाल्ला, आणि काकू रोज आठवण करून देत राहिल्या की का ते.

त्या दिवसापासून हजेरीला नवा नियम लागला. नुसतं तोंडाने सांगायचं नाही, त्या वस्तूला हात लावून सांगायचं. मी दारात वाकून गार लोखंडाला हात लावायची. मोहनकाका सीटवर चढून परातीची दोरी धरायचे आणि म्हणायचे, "बंद. म्हणजे... परात." काकांना हा नियम इतका आवडला की तो गाडीबाहेरही सुरू झाला. संध्याकाळी किनाऱ्यावर चालताना त्यांनी मला विचारलं, "युनीत बरं चाललंय ना, बाय?" मी म्हणाले, ठीक आहे. "हात लावून सांग." मला हसू आलं. अभ्यासाला हात कुठे लावणार? पण ते वाट बघत थांबले होते, टोपी धरून, वाऱ्याकडे पाठ करून... आणि मी सांगितलं की ट्युटोरियलमध्ये मला उत्तर येत असतं, पण वाक्य इंग्रजीत जुळेपर्यंत दुसरं कुणीतरी बोलून जातं. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. काकांनी काही उपदेश केला नाही. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांकडे बोट दाखवून म्हणाले, "ऐक, वारा कसा घुमतोय. भुईगावला हाच आवाज. मला लहानपणी वाटायचं, सुरू आमचाच. इथे आल्यावर कळलं, झाड मूळचं इकडचं. ते तिकडे आलं, मी इकडे आलो. फिट्टंफाट." मग थोड्या वेळाने, "त्यालाही तिकडच्या वाळूत मुळं धरायला वेळ लागला असेल."

परतीच्या दिवशी सकाळी वारा सगळ्यात जास्त होता. गाडी उभ्या उभ्या हलत होती. हजेरी झाली. गॅस, कपाटं, परात, पायरी. "चा...लक?" काकांनी स्वतःच विचारलं, आणि "हजर" म्हटलं.

"हात लावून सांग," मागून काकू म्हणाल्या.

काकांनी स्टेअरिंगवर हात ठेवला.

"तिथे नाही, बस्त्याव."

माझ्या काही लक्षात येईना. मग आठवलं, गेले काही दिवस काका चहा ओतताना मान तिरकी करायचे, आणि रस्त्यावरची पाटी आली की काकूंना उगाचच विचारायचे, "काय लिहिलंय, वाच बघू." वर परात वाजत होती. मग काकांनी तळहाताने डावा डोळा झाकला आणि मागे वळून मोहनकाकांकडे बघितलं. "याने कडा दिसतात," ते म्हणाले. "मधलं दिसत नाही. मोहनचे कान दिसतात, तोंड दिसत नाही." जरा थांबून, "त्यात फार काही बिघडलं नाही म्हणा." आणि मग डावा उघडला, उजवा झाकला. "हाही आता तसंच करायला लागलाय."

मोहनकाका डॉक्टर होते, त्यांना लगेच कळलं. ते पुढे आले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "सरक तिकडे." त्यांना एवढी मोठी गाडी चालवायची अजिबात सवय नव्हती. सिडनीपर्यंत मागे गाड्यांची रांग लागली होती. काका शेजारी बसून सांगत होते, "छान चाललंय, मोहन. मघाशी एक सायकलवाला पुढे गेला, पण त्याला घाई असेल."

घरी आल्यावर वाटलं, आता हे संपलं. काकूंना गीअरची गाडी येत नव्हती, आणि मोहनकाकांनी पुन्हा ते स्टेअरिंग धरायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. बिऱ्हाड घरासमोर उभं राहिलं. काका त्यावरची पानं झाडायचे, टायरची हवा बघायचे. गाडी विकायची गोष्ट कुणी काढत नव्हतं, पण ती सगळ्यांच्या मनात होती. मग एका रविवारी चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर काकांनी माझ्या दारावर टकटक केलं. हातात शिकाऊ ड्रायव्हरची पिवळी 'एल'ची पाटी होती. "तुझे वडील काय करतात म्हणालीस?"

"एसटीचे ड्रायव्हर."

"मग तुला शिकवायला कशाला वेळ लागतोय?"

माझ्या वडिलांनी आयुष्यभर गाडी चालवली, पण मला कधी स्टेअरिंगला हात लावू दिला नव्हता. आमच्याकडे मुलीला कुणी शिकवत नव्हतं, आणि मीही मागितलं नव्हतं. मी आधी काकूंच्या छोट्या गाडीवर शिकले, मग चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये बिऱ्हाडावर. काकांना समोरचं धड दिसत नव्हतं, पण इंजिन नीट ऐकू यायचं. "ऐक, कण्हतेय ती. दे तिला पुढचा गीअर." मी गाडी बंद पाडली की ते म्हणायचे, "नो वरीज, चर्चचं आवार आहे, इथे सगळं माफ असतं." वडिलांना सांगायला मला दोन महिने लागले. एक दिवस काकांनीच व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, मी ड्रायव्हरच्या सीटवर असताना. वडील स्क्रीनवर बघत राहिले. मला वाटलं, रागावले. मग त्यांनी विचारलं, "आरसे लावून घेतलेस का तुझ्या मापाचे?"

काका पुढे वाकून म्हणाले, "हात लावून सांग त्यांना."

मी आरशाला हात लावून सांगितलं.

पुढच्या सप्टेंबरात मी नव्या ड्रायव्हरची लाल 'पी'ची पाटी लावून तिघांना घेऊन गेले. काका आता शेजारच्या सीटवरून हजेरी घेत होते. "चा...लक?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडातून सवयीने निघालं, "ठीक आहे." मागे मोहनकाका फिसकन हसले. "ठीक आहे नाही गं बाय, हजर म्हणायचं," काका म्हणाले. मी म्हणाले. "वाऱ्यात ऐकू येत नाही." मी मोठ्याने म्हणाले. त्या सत्रात ट्युटोरियलमध्ये मी पहिल्यांदा हात वर केला. याचा त्याच्याशी संबंध आहे की नाही हे मला सांगता येणार नाही, पण मला तो वाटतो.

त्या ट्रिपमध्ये काकांनी एक नवी खोड लावून घेतली. गाडी उभी केली की ते काच खाली करून त्यांच्या बाजूचा आरसा आपल्याकडे वळवायचे. नजरेच्या कडेने त्यात मागचा समुद्र दिसायचा त्यांना. रोज सकाळी मी कुरकुर करत तो पुन्हा माझ्या मापाचा करायची, आणि ते म्हणायचे, "चालकाचा हक्क आहे. घे." घरी परतल्यावरही ही खोड राहिली. दुपारी जेवून ते गाडीत जाऊन बसायचे, आरसा वळवून रस्ता, शेजारची पोरं, दारातलं लाल फुलांचं बॉटलब्रशचं झाड बघत. समुद्र नाही तर नाही.

काका गेल्यानंतरची महिन्याची मिस्सा झाली त्या दिवशी काकूंनी मला आणि मोहनकाकांना जेवायला थांबवलं. पोळ्या करत होत्या. परातीला अजून त्या वाऱ्यातला पोचा आहे, मळताना ती ओट्यावर डुगडुगते. त्या म्हणाल्या, "गाडी विकणार नाही. उभी राहिली की सडते. सारिका, तुझी सुट्टी कधी आहे?"

गेल्या शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. मी स्टेअरिंगवर, काकू आणि मोहनकाका मागे. शेजारची सीट रिकामी. मी इंजिन सुरू केलं आणि वाट बघत राहिले. हजेरी कोण घेणार हे ठरलंच नव्हतं... मग मागून काकूंचा आवाज आला, त्याच चालीत, जी त्यांना कधी पसंत नव्हती. "गॅ...स?" आणि स्वतःच उठून हात लावून, "बंद केला." कपाटं. छताची खिडकी. "पा...यरी?" ती माझी होती, पण मी उठायच्या आत मोहनकाका गुडघे धरत दारात वाकले होते. "आत घेतली."

"आरसे?" काकू म्हणाल्या.

आरसे हजेरीत कधीच नव्हते. मी उजवा बघितला, तो बरोबर होता. डावीकडे बघितलं तर आरशात रस्ता नव्हताच. त्यात ती रिकामी सीट होती, वर थोडं बॉटलब्रश. काकांनी त्या शेवटच्या दुपारी वळवला होता तसाच तो राहिला होता. माझा हात तिथवर पोचत नव्हता. मी पट्टा सोडला, त्यांच्या सीटवर गुडघा टेकला, काच खाली केली आणि आरशाला हात लावला. आरशावर कडेला त्यांच्या बोटाचा ठसा होता. तो मी पुसला नाही, कडेलाच होता, नडत नव्हता. आरसा हळूहळू फिरवला. आधी सीट गेली, मग झाड गेलं, मग मागचा रस्ता आला.

"लावले," मी म्हणाले.

"चा...लक?"

मी माझ्या जागेवर परत आले, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, आणि वाऱ्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने उत्तर दिलं. किनाऱ्याचा वारा अजून लागायचा होता.