तिसऱ्या हाकेची वाट

देव आहे की नाही, या वादात मी कॉलेजात असताना हिरिरीने पडत असे, आणि अर्थातच ‘नाही’च्या बाजूने. मालेगावजवळच्या आमच्या भाजीच्या मळ्यात विहिरीकाठी शेंदूर लावलेले सात दगड होते. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. आई त्यांना जितकी भजायची तितकीच भ्यायची. आसरा घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारून पाण्यात ओढतात, पण हाक मारतात दोनदाच. तिसरी हाक आपल्याच माणसाची असते. म्हणून दिवेलागणीला तिसरी हाक येईपर्यंत ओ द्यायची नाही, जागचं हलायचं नाही, हे तिने मला लहानपणीच पढवलं होतं. मला त्याचं हसू येई.

स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती. आमच्या इतिहासाच्या सरांनी विद्यार्थ्यांची सहल नेपाळला काढली. तिथल्या राणा घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सत्ता नुकतीच संपली होती. ती कशी उलथली ते लोकांच्या तोंडून ऐकायचं, आणि गल्लीच्या गल्ली मिळून देवांचे मुखवटे रंगवते ती कला पाहायची, असा बेत होता. मी एकुलता एक, वडील नाहीत. तरी आईने अडवलं नाही.

“जाय बापू. पन मी रोज सांजीले तुले जेवाले हाक मारत जाईन.”

“नेपाळात ऐकू येते का?” मी म्हणालो.

“तुले कायले पंचाईत? माहं काम हाक मारायचं हाय.”

तिथे राजवाड्यांबद्दल बोलताना माणसं अजूनही आवाज खाली आणत, मागे वळून पाहत. एका गल्लीत अंगणभर देवींचे मुखवटे वाळत घातले होते. बायका, म्हातारे, सगळे रंगकामाला बसलेले. त्या ओळीत मातृकांचे, एकत्र पुजल्या जाणाऱ्या देवीमातांचे, चेहरे होते. कुठेही उभा राहिलो तरी ते माझ्याकडेच पाहतात असं मला वाटलं, आणि उगीचच विहिरीवरचे सात दगड आठवले. मी तिथून लवकर निघालो.

परतीला डोंगर पायीच ओलांडायचा होता. उद्या पौर्णिमा, तेव्हा संध्याकाळी उतरताना चांदणं मिळेल, असं सर म्हणाले होते. मिळालं ते धुकं. बुटात खडा गेला म्हणून मी थांबलो, तेवढ्यात सगळे पुढे गेले. त्यांचा आवाज येईल त्या दिशेने मी जवळजवळ धावतच निघालो.

“बापू, जेवाले ये.”

मागून, अगदी जवळून. आईचाच आवाज. माझे पाय जागीच खिळले. पुन्हा तेच, तसंच लांबवलेलं, “जेवाले ये.” नास्तिक मी, पण श्वास रोखून तिसऱ्या हाकेची वाट पाहत उभा राहिलो. ती आली नाही. किती वेळ गेला कोण जाणे, धुकं जरा विरळ झालं आणि दिसलं की माझ्या पुढच्या पावलाला जमीनच नव्हती. वाट दरड कोसळून खाली ओढ्यात गेली होती. मी मागे सरकून बसलो. सर कंदील घेऊन शोधत आले, तेव्हा कळलं, मी भलतीच वाट धरली होती.

घरी पोचलो तर आईचा घसा बसलेला.

“माझ्यामुळे ना? रोज ओरडलीस?”

“रोज मारली हाक. एकच सांज चुकली रे. पुनवेच्या आदल्या दिवशी तापानं फणफणली होती, आवाजच निंगे ना.”

“मग?”

“मंग काय, खाटेवरूनच आसरांले म्हटलं, बायांनो, आज तुमी मारा.” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “असा काहून पाहून राह्यला?”

मी विहिरीवर गेलो आणि आयुष्यात प्रथमच त्या दगडांपुढे डोकं टेकलं. भीती वाटत होतीच, पण रडू आलं ते भीतीने नव्हे.

आता आई नाही. मळा मीच पाहतो. ती हाक कुणाची, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मी वाचलो ते माझ्या हुशारीने नाही, एवढं मला पुरतं. दिवेलागणीला विहिरीवर दिवा ठेवतो आणि घटकाभर कान देऊन बसतो. दोन हाका त्या धुक्यात झाल्या आहेत. तिसरी आपल्याच माणसाची असते. ती आली, की हातातलं काम तिथेच ठेवून मी ओ देईन आणि जेवायला जाईन.