पितळेचा बिल्ला आणि कुत्र्यांचं बोर्डिंग

आमच्या कुत्र्याचं नाव मी सांगणार नाही. माझ्या थोरल्या भावाने त्याला वडिलांच्या कचेरीतल्या वरच्या साहेबाचं नाव ठेवलं होतं. रस्त्यात त्याला मोठ्याने हाक मारायची सोय नव्हती, म्हणून वडील बिचारे नुसतं "अरे, ए!" म्हणत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आपलं कुत्र्यावर काडीचं प्रेम नाही, असं अण्णा येईल-जाईल त्याला सांगत. "फुकटखाऊ आहे लेकाचा," म्हणायचे, आणि आपल्या ताटातली तूप लावलेली चतकोर त्याच्यापुढे सारायचे.

मी नऊ-दहा वर्षांची असताना करमाळ्याला मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. कुत्र्याचं काय करायचं? अण्णा म्हणाले, मी राहतो घरी. "वा!" आई म्हणाली, "माझ्या बहिणीच्या घरचं कार्य, आणि आमचे हे घरी कुत्रं राखत बसलेत म्हणून सांगू होय मांडवात?" संपलं. पुन्हा तो विषय निघाला नाही.

स्टेशनाच्या मागे एका टांगेवाल्याचा तबेला होता. त्याला आम्ही सगळे चाचा म्हणायचो. उन्हाळ्यात रेल्वेचे गोरे साहेब थंड हवेला गेले की त्यांची कुत्री हा चाचा सांभाळी. खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी आमच्या सोलापुरात बोर्डिंगं होती, तसं हे कुत्र्यांचं बोर्डिंग! त्याचं स्वतःचंही एक काळं, फाटक्या कानाचं कुत्रं होतं. टांगा निघायच्या वेळी ते मागून भुंकायचं आणि पळत सुटायचं.

अण्णांनी चाचाला इतक्या सूचना दिल्या, की मला सासरी धाडतानासुद्धा एवढ्या दिल्या नाहीत. त्याला गार फरशी सोसत नाही. ढग गडगडले की तो पलंगाखाली शिरतो, तेव्हा ओढून काढायचं नाही. आईने फडक्यात कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणी बांधून दिली. चाचा विचारतो, "हे कुत्र्याला का मला, बाईसाहेब?" आई म्हणाली, "दोघांना होतंय की!"

आता आईचा एक स्वभाव सांगायला हवा. कासाराकडून नाव घालून आणल्याशिवाय ती साधी पळीसुद्धा वापरात काढत नसे. शेजारी वाटीभर साखर गेली, की वाटी परत येईपर्यंत हिचं कशात म्हणून लक्ष नसायचं. गावाला निघताना तर घरातलं सगळं तांबं-पितळ कुलपात जायचं. आणि आमच्या कुत्र्याच्या गळ्यात होता पितळेचा बिल्ला! गावात तेव्हा मोकाट कुत्री धरणारी गाडी फिरायची. गळ्यात बिल्ला असला तर कुत्रं पाळीव, नसला तर गेलं गाडीत. आणि गाडीत गेलेलं कुत्रं परत आलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

आईने काय करावं? पितळ परक्याच्या घरी कशाला, म्हणून कुत्रं चाचाच्या हवाली करताना अण्णांच्या माघारी तिने तो बिल्ला पट्ट्यासकट काढला, कुत्र्याच्या गळ्यात सुतळी बांधली आणि बिल्ला ट्रंकेत आपल्या इरकली लुगड्याच्या घडीत घातला. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तिला वाटलंच नाही.

करमाळ्याला लग्नाच्या दिवशी तिने ते लुगडं झटकलं, तो ठण्णकन बिल्ला जमिनीवर! अण्णा समोरच फेटा बांधत होते. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं नवरदेवालाच काही झालं.

"अहो, तो बांधलेलाच राहणार ना तिथे," आई म्हणाली.

"तो? बांधलेला राहणार तो?" अण्णांनी बिल्ला उचलून घेतला.

अक्षता पडेपर्यंत थांबा, एवढंच आईने विनवलं. अण्णा थांबले. मंगलाष्टकं चालू असताना मुठीत अक्षता घट्ट धरून ते दाराकडे बघत होते. शेवटच्या "सावधान"ला त्यांनी अक्षता उधळल्या आणि जेवणाच्या पंगतीकडे न बघता निघाले. मी इतका गळा काढला, की मलाही बरोबर घ्यावं लागलं. जेऊरपर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडी. वाटेत अण्णा बिल्ला हातात धरून बसले होते. मी मात्र सगळ्या देवांना नवस बोलले. माझं कुत्रं जिवंत असू दे, एवढंच मागत होते.

दुसऱ्या दिवशी सोलापूरला उतरून आम्ही पळतच तबेल्यात गेलो, आणि दारातच आमचं ध्यान आडवं आलं! अण्णांच्या अंगावर उडी, फेटा शेणात, धोतरावर पंजे. "अरे ए, अरे माझ्या राजा," असं म्हणत माझे कडक वडील भर दुपारी ढसाढसा रडले. मी रडले. कुत्रं तेवढं हसत होतं.

मग अण्णांचा हात त्याच्या गळ्याशी थांबला. तिथे बिल्ला होता. आमचा तर अण्णांच्या दुसऱ्या हातात होता.

"चाचा, हा कुणाचा?"

चाचा घोड्याला चारा घालत होता. त्याने मान वर केली नाही. "आमच्याचा हाय," म्हणाला. "तुमचं बेनं रोज सुतळी तोडून घराकडं पळायचं. गाडी तर फिरत होती. मग घातला त्याच्या गळ्यात, आणि आमच्याला हितं बांधून ठेवला."

"मग कुठंय तो?"

"त्याला बांधून घ्यायची सवय न्हाय की, अण्णा. दोर चावून मला हुडकायला स्टेशनात आला. मी पॅसेंजर सोडायला गेलतो. गळ्यात बिल्ला न्हाय, तिथंच कुत्री धरणाऱ्यांनी गाडीत टाकला त्याला."

अण्णा तसेच शेणात बसले. "अहो, तुमचं कुत्रं... आमच्यापायी..."

"माझं ते माझं होतं," चाचा म्हणाला. "हे तुमी ठेवायला दिलेलं."

मला तेव्हा लाज वाटली, कशाची ते कळलं नाही. नवस माझा फळला होता आणि मला तोंड वर करवत नव्हतं.

चाचाने डोळे पुसले आणि घोडा जुंपला. "चला, घरी सोडतो." आम्ही मागे बसलो, कुत्रं आमच्या पायाशी. चाचाने लगाम हलवला. घोडा हलेना. जिभेने टकटक केलं, पाठीवर थोपटलं, तरी तो कान मागे टाकून उभाच.

"मागून भुंकल्याबिगर निघत न्हाई हा," चाचा म्हणाला. मग तो खाली उतरला, घोड्याचा लगाम हातात धरला आणि आमच्या दारापर्यंत त्याला चालवत आला.