पोटातले जंतू आणि आमचे भाऊजी

माझे थोरले दीर बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांच्या हाती वेळ आला. त्याच वर्षी माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या पायांवर जांभळे ठिपके उठले. मग घोटे सुजले, पोटात कळा यायला लागल्या. नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक रक्तवाहिन्यांना सूज आली आहे. ठिपके जातील, पण सहा महिने मूत्रपिंडांवर नजर ठेवायची. रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवायची; ती हिरवी झाली की प्रथिनं जातायत असं समजायचं.

गाडी भाऊजींची, म्हणून तेही डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसले होते. त्यांनी विचारलं, "हे पोटातनं येतं का हो?"

"अशा मुलांच्या आतड्यातले जीवाणू वेगळे दिसतात," बाई म्हणाल्या. "मूत्रपिंडाला सूज येणाऱ्यांत आणखी फरक असावा, असं वाटतं. पण त्यांच्यामुळे आजार होतो की आजारामुळे ते बदलतात, हे अजून कळलेलं नाही. त्यावरून औषध देता येत नाही."

भाऊजींनी पहिलं वाक्य उचललं, बाकीची तिथेच टेबलावर सोडली. परतताना शीळफाट्याला गाडी अडकली, तेवढ्यात ते तज्ज्ञ झाले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या डोंबिवलीच्या घरी बरण्या यायला लागल्या. कांजी, आंबवलेला कोबी, कसलंसं बुळबुळीत पाणी. पोर नाक दाबून प्यायची आणि मी, रसायनशास्त्र शिकलेली बाई, समोर उभी राहून म्हणायची, "पी गं, काकांनी आणलंय." त्या वाक्याची मला अजून किळस येते.

पाचव्या आठवड्यात पट्टी हिरवी झाली. मूत्रपिंडाची बायॉप्सी झाली, स्टिरॉइड सुरू झालं.

"स्टिरॉइड? अगं, चांगले जंतू मरतील तिचे! बंद कर ते," भाऊजी म्हणाले.

मी "बघते" म्हटलं. गोळ्या दिल्या, पण स्वतःच्याच घरात लपवून. बरण्या मोरीत ओतल्या, त्याही लपवून.

मग एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठी व्याख्यान ठेवलं. आम्हालाही बोलावलं. मध्येच ते मुलीला म्हणाले, "ये बाळा. फ्रॉक जरा वर कर, पाय दाखव सगळ्यांना."

गोळ्यांनी तिचा चेहरा फुगला होता. तिने फ्रॉकची कड मुठीत घट्ट धरली. पुढच्या रांगेतल्या एक आजी नीट दिसावं म्हणून चष्मा पुसायला लागल्या.

मी उठले. "भाऊजी, तिची पट्टी कधी बघितलीत तुम्ही?"

"अगं, इथे विषय काय चाललाय..."

"विषय माझी मुलगी आहे. ती स्टिरॉइडवर आहे. तुमची कांजी मी मोरीत ओतते."

मग मागून एका आजोबांनी विचारलं, "पण कांजी मिळते कुठे?" आणि भाऊजी उत्साहाने सांगायला लागले. मी मुलीचा हात धरून बाहेर पडले.

पट्टी पुन्हा पिवळी व्हायला आणखी काही महिने लागले. बाई म्हणतात, अजून वर्षभर तपासत राहू. भाऊजी मात्र नातेवाइकांना सांगतात, "पोरीला आपण कांजीवर बरं केलं." मी तिथे बसलेली असते, तरी सांगतात. सध्या त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा थायरॉइड हाती घेतलाय.