सुमनचा अंगठा

हात थरथरतो म्हणून काल बँकेत माझा अंगठा घेतला. शाईचा वास आला आणि सुमन आठवली. माझी बायको. दिवाळीआधी गेली.

नव्वदच्या दशकात वडखळजवळच्या आमच्या गावात ती पंचायतीला उभी राहिली. अक्षर एक येत नव्हतं. अर्जाच्या आदल्या दिवशी गल्फवरून आलेला शेजारी हसन म्हणाला, "वहिनी, आमचा मुकादम अमेरिकेतला काळा माणूस. त्याचा आजा मत द्यायला गेला की आधी कागद वाचायला लावायचे. गोऱ्याला नाय. म्हणायचे, गुलामांच्या पोरांना मत कशाला? म्हातारा मत न देताच मेला. अजून तिकडचं राजकारण त्याच भांडणावर चालतं."

सुमनचा चेहरा उतरला. "मला पण वाचायला लावलं तर?"

मी मूर्ख. म्हटलं, "मग भाकऱ्या थाप."

पेणच्या कचेरीत साहेबाने शाई पुढे सरकवली. तिने अंगठा दाबला. "झालं बाई, अर्ज घेतला." तिने एवढा मोठा श्वास सोडला की मागची माणसं हसली. घरी येऊन कुंपणावरूनच ओरडली, "हसनभाय, तुमच्या मुकादमाला कळवा, हितं अंगठा चालला!"

तेव्हा मला त्या जांभळ्या अंगठ्याची लाज वाटली होती. काल बँकेतल्या पोरीने पुसायला कागद दिला. मी नाय म्हटलं आणि तसाच घरी आलो.