दाढेपुरती सवड

लिफ्टवाल्या काकांची खालची दाढ वर्षभर ठणकत होती, आणि वर्षभर ते तिला उद्यावर ढकलत होते. उभी हयात त्यांनी अडकलेल्या लिफ्ट सोडवण्यात घालवली. दोन मजल्यांच्या मधे कोंडलेल्या माणसांना दाराच्या फटीतून "घाबरू नका, मी आलोय" म्हणायची त्यांना सवय. ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी काकू न्हाणीघरात कोसळल्या. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. उरला एकच शब्द, "नको". पाणी हवं असलं तरी नको, खिडकी लावायची असली तरी नको. कुठल्या नकोचा अर्थ "हो" आहे, हे काकांना डोळ्यांवरून ओळखावं लागे. भरवताना घास ओघळला की ते कधी कधी खेकसत, "अगं, तोंड मिट ना जरा!" आणि मग स्वतःवरच चरफडत.

शेवटी दाढ डोळ्याला डोळा लागू देईना, तेव्हा मेव्हणीने दम भरला. "दाजी, आज मी बसते ताईपाशी. तुम्ही उठा आधी."

दातांची डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. एक्स-रे दाखवत म्हणाली, "काका, कीड पार आत गेलीय. दाढ वाचवायची तर नस काढायची, मुळं साफ करायची. आज सुरुवात करू. पुढच्या खेपेला पक्कं भरायचं, मग वर टोपी. सुई टोचताना दुखेल तेवढंच. नंतर दुखलं तर डावा हात वर करा."

सुई टोचली. ओठ, जीभ, हनुवटी, अर्धं तोंड जड होऊन परकं झालं. दाढेभोवती रबराचा पडदा बसला, ड्रिलचा आवाज कवटीत घुमला, मग बारीक सुया मुळांत खालीवर फिरू लागल्या. दुखत काहीच नव्हतं. तरी काकांच्या डोळ्यांना धार लागली आणि कानांपर्यंत ओघळली.

डॉक्टर थांबली. "दुखतंय का?"

त्यांनी हात वर केला नाही. इतका वेळ कुणी त्यांच्याकडे काही मागत नव्हतं, उलट कुणीतरी त्यांचं दुखणं बघत होतं. एवढ्यानेच बांध फुटला होता. तोंड मोकळं असतं तरी हे त्यांना सांगता आलं नसतं.

"बधिरपणा उतरेपर्यंत खाऊ नका, गाल चावला जाईल," डॉक्टरने निघताना बजावलं. "दोन-चार दिवस ठसठसेल. आणि हे भरणं तात्पुरतं आहे हं, पुढची खेप चुकवू नका."

घरी येऊन त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. ओठ मिटेनात. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. काकू पलंगावरून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्याची चालती बाजू हसल्यासारखी हलली आणि मग त्या रडू लागल्या. "नको, नको."

हा नको काकांना उमगला नाही. "अगं, सुईचा असर आहे. संध्याकाळी जाईल," ते बोबड्या जिभेने म्हणाले, आणि बोलून गेल्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंचं कुठल्या संध्याकाळी जाणार होतं?

दाढ ठणकायची थांबली, तेच नडलं. पुढच्या खेपेला मेव्हणी म्हणाली, "दाजी, माझंही घर आहे हो." तिचंही खोटं नव्हतं. काकांनी तारीख बदलून घेतली; त्या दिवशी काकू तापाने फणफणल्या. मग पुन्हा फोन करायची लाज वाटू लागली. भरणं निघून आलं, आणि एका सकाळी घास चावताना दाढ उभी चिरली.

या वेळी काकूंपाशी शेजारीण बसली होती, थोड्याच वेळासाठी. डॉक्टरने दाढ हलवून पाहिली. "मुळापर्यंत फुटलीय, काका. तेव्हाच आला असतात तर..."

"काढून टाका," काका म्हणाले. "लवकर."

काढून झाल्यावर तिने विचारलं, "घरी आहे ना कुणी बघायला? आज पडून राहा."

"आहे की," तोंडात बोळा धरून काका म्हणाले.

घरी पोचले तेव्हा शेजारीण दारातच उभी होती, चपला घालून. ती गेली. काकूंची चादर ओली झाली होती. काकांनी बाह्या सरसावल्या, काकूंच्या पाठीखाली हात घातला आणि त्यांना हळूच कुशीवर वळवलं. तोंडात रक्त साचत होतं, पण दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी ते गिळलं आणि चादर ओढून काढली.