भावोजींचा टोमॅटोचा रस्सा

मालवण बंदरात मुंबईची बोट लागली तेव्हा माझ्या खिशात भावोजींच्या नावाचं पत्र होतं. ते एका इटालियन जहाजावर आचारी. चार महिन्यांपूर्वी टायफॉइड होऊन घरी आलेले. ‘दहा दिवसांत मुंबईस हजर व्हावे,’ असं जहाज कंपनीच्या कचेरीने कळवलं होतं. पडावातून किनाऱ्यावर उतरलो आणि एस.टी.ने खुशीतच मसुऱ्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या घरी पोचलो.

पत्र वाचून भावोजी हसले नाहीत. “आधी हात चालता काय बघूया,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाजारात घाटावरचे टोमॅटो मिळाले. भावोजींनी ते उकळत्या पाण्यात बुडवून सोलले, बिया काढल्या. ट्रंकेतून पास्ता (गव्हाच्या रव्याच्या सुकवलेल्या नळ्या) काढला. ऑलिव्हचं तेल कुठलं मिळायला! खोबरेलात लसूण तांबूस केला, वर टोमॅटो ओतले. इटलीत या रश्शात तुळशीसारखा एक पाला घालतात; अंगणातल्या तुळशीला मात्र अक्काने हात लावू दिला नाही.

रस्सा आटत आला तसे भावोजी घामाघूम झाले. डावातून चाखायचे, थांबायचे, पुन्हा चाखायचे. मीठ घातलं. जरा वेळाने परत घातलं. मी पाहिलं, पण गप्प राहिलो.

वाढून झाल्यावर ते आमच्या तोंडांकडे बघत बसले. पहिल्याच घासाला माझी जीभ आखडली.

“झकास!” मी म्हणालो.

अक्काने घास कसाबसा गिळला. “अहो, मीठ दोनदा पडला.”

भावोजींची मान खाली गेली. “तापापासून माका चवच लागणा नाय. ह्या कळला तर बोटीर माका कोण घेतलो (घेईल)?”

“आणि माका कित्याक (का) नाय सांगलास?” ती म्हणाली. “चार महिने माझ्या हातचा जेवतास, रोज बरा झाला म्हणतास!”

मग तिनेच उरलेले टोमॅटो पुढे ओढले. “परत करा. चव मी बघतंय.”

चार दिवस त्यांनी तेच केलं. ते चिमटीत मीठ धरायचे, ती पुरे म्हणायची. पाचव्या दिवशी भावोजी आणि मी बोटीने निघालो. वाटेत भावोजींनी जेवणाला स्पर्श केला नाही.

मुंबईच्या गोदीत ते कप्तानाला भेटायला शिडी चढून गेले. मी तासभर खाली उभा होतो. उतरले तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

“सगळा सांगलंय,” ते म्हणाले. “चव येयसर (येईपर्यंत) कोठारावर ठेवतत. चूल नाय.”

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझ्या अक्काक आजच लिही. चूल नाय, ह्या पयला लिही.”

धक्क्यावरच्या एका पेटीवर बसून मी पोस्टकार्ड काढलं. सांत्वनाची ओळ आधी लिहावी असं फार वाटत होतं. नाही लिहिली.