रोमन सरबताची खापरं

कॉलेजच्या इतिहास विभागात पंचवीस वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, आणि विभागात आवराआवर करायची पद्धत नसल्यामुळे टिकतातही. आमचं कॉलेज कराडजवळ. विषय प्राचीन ग्रीस आणि रोम, आणि विभागप्रमुख असे की सगळ्यांनी त्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणायचं. नुसतं 'सर' म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही.

*

डॉक्टरसाहेब एकदा सात दिवसांच्या टूरवर रोमला जाऊन आले. तेव्हापासून रोमचा पेपर ते प्रोजेक्टरवर शिकवतात. प्रत्येक फोटोत मधोमध गॉगल लावून साहेब, आणि कडेकडेने थोडं थोडं रोम.

एकदा मागच्या बाकावरून पाटणची एक मुलगी अगदी मनापासून म्हणाली, "सर, तुम्ही जरा बाजूला सरकला असता तर कमान दिसली असती."

त्या वर्षी तिला इंटर्नलला वीसपैकी सात पडले.

*

वैशाली डॉक्टरसाहेबांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होती. कुंडलची मुलगी, वडील सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आता ऊस लावतात. कृष्णेकाठी एका जुन्या वस्तीची पांढर, म्हणजे पांढऱ्या मातीचं टेकाड आहे. गावकरी तिथली भुसभुशीत माती ट्रॉल्या भरभरून शेतात नेतात. वैशालीने रीतसर परवानगी काढून तीन उन्हाळे तिथे खड्डे घेतले.

एक म्हातारबाबा रोज बांधावर येऊन बसायचे. "पोरी, सोनं घावलं का?"

"न्हाई बाबा. खापरं."

"कुणाची?"

"रोमची. दोन हजार वर्षामागची दारूची घागर हाय."

बाबा बांधावरून उठून खड्ड्यापाशी आले. मग हळूच म्हणाले, "मोकळीच घावली न्हवं?"

तशी अगदी मोकळी नव्हती. त्या अकरा खापरांना आतून काळा थर होता. दारू झिरपू नये म्हणून रोमन लोक रांजणाला आतून राळ फासत, ती ही राळ असणार, असं वैशालीचं म्हणणं. लॅबमध्ये तपासून ते सिद्ध झालं की रांजण कुठून आला हे सांगता येणार होतं. तिचा अख्खा प्रबंध त्या थरावर उभा होता आणि रजिस्ट्रेशनची मुदत त्याच वर्षी संपत होती. थर नसता तर तीन वर्षं पाण्यात.

*

खापरं आमच्या काचेच्या कपाटात ठेवली. वैशालीने खाली चिठ्ठी लावली: 'रोमन मद्यकुंभ'. डॉक्टरसाहेब हादरले.

"संस्थापकांच्या फोटोखाली दारूचं भांडं? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "भांडं दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. संस्थापकांवर कुणी संशय घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी बदललेली होती. 'रोमन सरबतपात्र'.

असा माणूस इतिहासाचा विभागप्रमुख! मला संताप यायचा. पगारही त्याच विभागातून यायचा, म्हणून मी गप्प बसायचे.

*

मग कॉलेजच्या तपासणीला कमिटी यायचं ठरलं. आदल्या दिवशी वैशाली लॅबचे फॉर्म भरायला पुण्याला गेली होती. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे कपाटाची किल्ली मागितली. मी दिली. कशाला हवी, हेसुद्धा विचारलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

दुपारी विभागात गेले तर दोन शिपाई बाह्या सारून बेसिनपाशी, आणि डॉक्टरसाहेब जातीने शेजारी उभे. अकराही खापरं भांड्याच्या पावडरने घासून, पुसून, वर फर्निचरचं पॉलिश मारून चकाचक.

"लय चिवट हुतं मॅडम," एक शिपाई म्हणाला. "हात दुखाय लागले बघा."

डॉक्टरसाहेब खूश होते. "तीन वर्षांत त्या मुलीला साधं धुता आलं नाही. आजकाल संशोधनात कुणाला कष्टच नकोत."

वैशाली संध्याकाळी आली. कपाटासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, काळं कुठं गेलं?"

मी सांगितलं. ती रडली नाही. सरळ बेसिनकडे गेली.

*

कमिटीचे अध्यक्ष कपाटासमोर थबकले. "अगदी नवी वाटतात हो!"

"आम्ही जपतो," डॉक्टरसाहेब म्हणाले.

शेरा मिळाला 'उत्तम'. पॉलिश आतपर्यंत मुरलेली खापरं मात्र लॅबने तपासायला घेतली नाहीत.

डॉक्टरसाहेबांनी मोठ्या मनाने तोडगा काढला. "राळ होती असं लिहून टाक. मी खाली सही करतो."

"सर," वैशाली म्हणाली, "लॅबमध्ये सही तपासत नाहीत."

*

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या एक बाई परीक्षक म्हणून आल्या. कमी बोलणाऱ्या. त्यांनी सरळ विचारलं, "राळेचा पुरावा?"

वैशालीने लॅबचा रिपोर्ट पुढे ठेवला. पाइनची राळ, जुनी, आणि सोबत भांडी घासायच्या पावडरचे अंश. रिपोर्टशेजारी तिने एक सीलबंद पिशवी ठेवली. आत तारेची घासणी होती, कमिटीसाठी कोरी आणलेली, तिच्या तारांत काळा थर घट्ट बसलेला. पिशवीवर उत्खननात लावतात तशी चिठ्ठी, वैशालीच्या सुवाच्य अक्षरात:

'स्थळ: इतिहास विभाग, बेसिन. थर: सर्वांत वरचा. उत्खनन: विभागप्रमुख.'

बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. चिठ्ठी वाचली. पेनाचं टोपण काढून सही केली आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं.

"डॉक्टरसाहेब, हे उत्खनन तुमचं?"

डॉक्टरसाहेबांनी कोट सारखा केला.

"अर्थात," ते म्हणाले. "सगळं माझ्या देखरेखीखाली झालंय."